कर्जाचा आकडा घरात कळला पाहिजे

पश्चिम विदर्भातल्या गावात एखाद्या शेतकऱ्यानं जीव दिला की ओसरीवर जमलेल्या माणसांच्या तोंडी तीच ती वाक्यं येतात. "काल तं पानठेल्यावर हासत व्हता." "कोनाले काईच बोलला नाई बावा." "इतकं कर्ज व्हतं हे घरच्याईलेबी मालूम नोतं." दोन-चार दिवसांनी पेटीतले कागद बाहेर निघतात. सोसायटीचं किती, बँकेचं किती, कृषी केंद्राची उधारी किती, बायकोचं सोनं कोणाकडे गहाण पडलंय, हे त्या बाईला तेव्हा पहिल्यांदा कळतं. जो आकडा नवऱ्याला वर्षभर झोपू देत नव्हता, तो शेजारी झोपलेल्या माणसाला ठाऊक नव्हता. या विषयावर लिहायला बसलो की माझं मन दर वेळी इथंच येऊन थांबतं.

शेतकरी आत्महत्यांवर बोलणाऱ्यांचे आपल्याकडे दोन तट आहेत. एक म्हणतो, प्रश्न पैशाचा आहे. कापसाला, सोयाबीनला भाव द्या, समुपदेशनाची नाटकं बंद करा. दुसरा म्हणतो, कर्ज तर सगळ्यांवरच असतं, मग सगळेच कुठं जीव देतात? म्हणजे दारू, घरातली भांडणं, कच्चं मन, हीच खरी कारणं. मी पहिल्या तटातला आहे, आणि माझं भांडणही त्याच तटाशी आहे. ताण कुठून येतो याचं उत्तर या तटाकडे बरोबर आहे. पण आलेला ताण माणूस कसा झेलतो यावर तो बोलायलाच तयार नसतो. त्यावर बोललं तर दोष शेतकऱ्याच्या माथी जाईल, अशी त्याला भीती वाटते. माझ्या मते ही भीती चुकीच्या समजातून आली आहे. ताण झेलायच्या रीती कोणी एकट्यानं निवडत नाही. गाव त्या शिकवतं, काही रीतींची वाहवा करतं आणि काहींना हसतं. म्हणून त्या बदलणं हे एकट्या माणसाच्या मनोबळाचं काम नव्हे, ते गावाचं आणि शासनाचं काम आहे.

मनाच्या बचावाच्या युक्त्यांची पद्धतशीर मांडणी ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये केली. पुढच्या अभ्यासकांनी ती यादी वाढवली. समोर दिसतंय ते मान्यच न करणं, राग भलत्यावर काढणं, आपल्या वागण्याला सोयीची कारणं शोधणं, हे सगळं त्यात आलं. १९८४ मध्ये रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी आणखी एक उपयोगी फरक मांडला. काही धडपड अडचणीवर असते आणि काही अडचणीमुळे मनात उठणाऱ्या कल्लोळावर. माणसाला दोन्ही लागतात. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचा १९३८ पासून अनेक दशकं पाठपुरावा झाला. त्या अभ्यासावर काम करणारे जॉर्ज व्हॅलंट यांनी बचावाच्या रीतींत पिकलेल्या कोणत्या आणि कच्च्या कोणत्या हे सांगितलं. विनोद, दुसऱ्यासाठी राबणं, दुःखाला काही निर्मितीच्या कामाला लावणं, पुढच्या संकटाचा आधीच अंदाज बांधणं आणि चिंता जाणूनबुजून थोडा वेळ बाजूला ठेवणं, या त्यांनी पिकलेल्या मानल्या. ही माणसं परदेशातली, शिकलीसवरलेली, बहुतेक सुखवस्तू. तरीही राळेगाव, दर्यापूर किंवा रिसोडच्या पानठेल्यावर तासभर बसलं तर यातलं एकेक ओळखू येतं.

सप्टेंबरात सोयाबीन पिवळं पडायला लागतं. शेंगा भरत नाहीत हे वावरातून फिरणाऱ्याला दिसत असतं. तरी तोंडातून निघतं, "पाय न, एक पानी आला का उभारी घेईन." बँकेचं पत्र येतं, ते न फोडता देव्हाऱ्यामागे जातं. अनोळखी नंबरचा फोन उचलला जात नाही. सोयाबीन गेलं तर कपाशी तारील आणि कपाशीवर बोंडअळी आली तर तूर आहेच, असा हिशेब मनात चालू राहतो, पण वहीत उतरत नाही. दिवसभर खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, तोंडात असतो. त्यानं भूकही मरते आणि बोलायचंही टळतं. संध्याकाळी दारू. ज्याला दारूचं नाव नको त्याला मटका असतो, नाहीतर मोबाइलवरचे पैशांचे खेळ. घरी आल्यावर भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलं जातं. त्या रागाचा खरा धनी तालुक्याच्या गावी बँकेत बसलेला असतो, मार बायकोला बसतो, नाहीतर बैलाला.

यातल्या एकाही गोष्टीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. बायकोवर हात टाकणं सोडून. त्याला कोणताही ताण माफी देत नाही. पण बाकीच्या युक्त्या मन उगाच करत नाही. ऐन फेब्रुवारी-मार्चात गारपीट होते, हातातोंडाशी आलेला गहू आडवा होतो, संत्र्याचा सडा पडतो. त्यानंतर तीन-चार दिवस शेतकरी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं गोठा झाडतो, ढोरांना पाणी दाखवतो. त्या दिवसांत त्याला धरून "आता काय करशील?" असं विचारणं क्रूरपणाचं आहे. एवढा मोठा घाव एकदम अंगावर घेता येत नाही म्हणून मन तो थोडा थोडा आत घेतं. घात होतो तो त्या चार दिवसांचे चार महिने झाल्यावर. तेवढ्या काळात व्याज थांबलेलं नसतं आणि मुदतीही थांबलेल्या नसतात. आतापर्यंत पीकविम्यात अशा नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची अट होती. मन सुन्न असतानाचे नेमके तेच तीन दिवस. नियम करणाऱ्यांना शेतकऱ्याच्या मनाची एवढीही ओळख नसावी याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्या लपवलेल्या आकड्याकडे येतो. तो लपवण्यामागे बहुतेक वेळा फसवणूक नसते, जीव असतो. "घरच्याईले कायले टेन्शन द्याचं?" असं माणूस म्हणतो तेव्हा त्याला खरोखर बायकापोरांना वाचवायचं असतं. कर्ता पुरुष तो, ज्याच्या घरात कोणाला कशाची झळ पोचत नाही, हे त्यानं बापाकडे पाहून शिकलेलं असतं. गावही अशाच माणसाचं कौतुक करतं. "काई झालं तरी चेहऱ्यावर दिसू देत नाई," असं आपण किती अभिमानानं सांगतो! आणि एखादा चावडीवर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, की बावा, मी बुडालो, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरीच्या स्थळाचे लोक मागं फिरतात, कृषी केंद्रवाला उधारी बंद करतो. म्हणजे गप्प बसण्याला गावात मान आहे आणि बोलण्याची किंमत मोजावी लागते. अशा ठिकाणी माणूस गप्प बसला तर त्याच्या मनाला कच्चं म्हणणारे आपण कोण?

पण लपवण्याचा खर्च काय येतो तेही पाहिलं पाहिजे. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली की पीककर्जाच्या पुनर्गठनाची, म्हणजे फेडीची मुदत नव्यानं बांधून घेण्याची, सवलत लागू होते. त्यासाठी बँकेत जाऊन सही द्यावी लागते. कर्जापायी तोंड लपवणारा माणूस बँकेची पायरी चढत नाही, त्याचं खातं थकीत होतं आणि पुढच्या खरिपात त्याला सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सावकारानं बेकायदेशीर व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, चौकशीत ते सिद्ध झालं तर जमीन परत मिळण्याची तरतूद आहे. पण तक्रार करायची तर आधी घरात सांगावं लागतं की वावर लिहून दिलंय. मुदतीत फेडलं तर पीककर्जावर व्याजाची सवलत मिळते, ती घ्यायची तर दोन पोती तूर आत्ता विकायची की भावाची वाट पाहायची, हे घरात बसून ठरवावं लागतं. अडचणीवरची प्रत्येक धडपड त्या एका आकड्यापाशी अडते. तो सांगितल्याशिवाय कुठलंच दार उघडत नाही.

आणि ज्या बाईपासून तो लपवला जातो ती बहुतेक वेळा घरातली सगळ्यात चोख हिशेबनीस असते. बचत गटाच्या पासबुकातला रुपया न् रुपया तिच्या तोंडपाठ असतो. निंदणाची मजुरी, वेचणीचा किलोमागचा दर, दुकानाची उधारी, पोराची फी, हे सारं ती रोज जुळवते. तिला आकडा कळला तर ती मोडून पडेल असं नवऱ्याला वाटतं. मी पाहिलेल्या घरांत उलट घडलं आहे. रडारड झाली, दोन दिवस अबोला झाला, आणि मग लग्न साधेपणानं करायचं ठरलं, चार एकरांपैकी दोन मक्त्यानं दिले गेले, गोऱ्हे विकले, पोरगा एमआयडीसीत लागला. कर्ज फिटलं असं नाही म्हणत मी. पण ते चार खांद्यांवर आलं.

बाईच्या ताणाबद्दल मात्र आपण आणखी कमी बोलतो. ती दारूच्या गुत्त्यावर जात नाही, तिला पानठेला नाही. तिचं मन अंगातून बोलतं. डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, हातपाय गळतात, चक्कर येते. ती डॉक्टरकडे जाते, तो "कमजोरी" म्हणून सलाईन लावतो, शे-दोनशे रुपये घेतो. दोन दिवस बरं वाटतं, कारण त्या दोन तासांत तिला पहिल्यांदा आडवं पडायला मिळालेलं असतं. तिला कोणी विचारत नाही की रात्री झोप लागते का, घरात मारझोड होते का, जगायचा कंटाळा येतो का. नवरा गेल्यावर तीच बाई सातबारा नावावर करायला तलाठ्याकडे हेलपाटे मारते, पेरते, डवरते, सासऱ्याचं दुखणं काढते. तिला आपण खंबीर म्हणतो आणि मोकळे होतो.

दारूबाबत विदर्भातल्या बायकांनी केलेली लढाई मला या दृष्टीनं फार मोलाची वाटते. वर्धा जिल्हा आधीपासून दारूबंदीचा, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीनं दारू संपते असं मी मानत नाही, वर्ध्यात कुठं काय मिळतं हे सर्वांना ठाऊक आहे. पण घरात मार खाऊन गप्प बसणाऱ्या शेकडो बाया एकत्र येऊन रस्त्यावर उतरतात तेव्हा त्यांच्या दुःखाला वाट मिळते, सोबत मिळते, समोर एक काम मिळतं. आरोग्यदायी रीत यापेक्षा वेगळी काय असते?

अशा रीती आपल्याकडे बाहेरून आणाव्या लागत नाहीत. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या म्हटल्या जातात. पावसापासून पुढाऱ्यापर्यंत, बँकेपासून व्यापाऱ्यापर्यंत कोणालाही त्यात सोडत नाहीत. ज्या गोष्टी एरवी बोलता येत नाहीत त्या अख्ख्या गावासमोर मोठ्यानं म्हणून माणसं खळखळून हसतात. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरीबाळी भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यात सासरचा जाच, माहेरची ओढ, सगळं येतं. आज्या-मावश्या बाजूला बसून ऐकतात आणि आपापलं दुःख त्यात मिसळून घेतात. गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर माणसं रोज एकत्र बसवली, सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. संध्याकाळी ठरल्या वेळी, ठरल्या जागी, जातपात न पाहता शेजारी बसणं, एवढ्यानंही माणसाच्या दिवसाला एक खुंटी मिळते. गाडगे महाराज तर कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, पोराला शिकवा, हे ते सांगत तेव्हा त्यात हिणवणं नव्हतं, कारण हातात खराटा घेऊन त्यांनी आधी गावाची घाण काढलेली असे.

भजन-कीर्तनाविषयी एक गोष्ट मला स्पष्ट सांगितली पाहिजे. ते दोन्ही बाजूंना जाऊ शकतं. पारायणाला बसल्यावर मन शांत झालं आणि उठून माणूस बायकोला म्हणाला, "ये, बस, हिशोब करू," तर ते पारायण त्याला तारून गेलं. तेच पारायण एकामागून एक चालू राहिलं, बँकेचं पत्र तसंच देव्हाऱ्यामागे पडलेलं राहिलं आणि "महाराज पाहून घेतीन" एवढंच उरलं, तर ते लपायचं ठिकाण झालं. वारीला जाण्यालाही हेच लागू, शेतात दिवसभर राबण्यालाही, आंदोलनालाही. बाहेरून सारखी दिसणारी गोष्ट कोणाला बळ देते आणि कोणाला पळवाट, हे तिच्या नावावरून कळत नाही. त्यानंतर माणूस अडचणीच्या जवळ गेला की दूर, यावरून कळतं. घरच्या माणसानं, मित्रानं एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

आता शासनाविषयी, कारण लपवण्याची सवय फक्त शेतकऱ्यालाच आहे असं नाही. १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं पवनारजवळ बायको आणि चार लेकरांसह आयुष्य संपवलं. त्यानंतर वीस वर्षांनी, २००६ मध्ये, पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरची मर्यादा आली आणि कोरडवाहू विदर्भातला सहा-आठ एकरवाला शेतकरी पूर्ण माफीतून बाहेर राहिला. ओलिताच्या पाच एकरांत आणि बरडाच्या आठ एकरांत कोण श्रीमंत, हे दिल्लीला कळलं नाही. २०२२ सालच्या राष्ट्रीय नोंदीत देशभरात शेतीवर जगणाऱ्यांच्या ११,२९० आत्महत्या आहेत, त्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातल्या.

या प्रत्येक मृत्यूनंतर आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे एक फाइल जाते. नापिकी होती का, अधिकृत कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून प्रकरण "पात्र" किंवा "अपात्र" ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. चौकशीत दारू निघाली, घरातलं भांडण निघालं, जुनं दुखणं निघालं, की प्रकरण अपात्र व्हायला वेळ लागत नाही. ज्याच्या घरी सातबाराच नाही त्या शेतमजुराचा तर विचारच नाही. या पद्धतीनं काय शिकवलं? घरच्यांनी शिकलं की दारूचं, नैराश्याचं, मारझोडीचं नाव काढायचं नाही. अधिकाऱ्यांनी शिकलं की दारू सापडली म्हणजे कर्जाकडे पाहायला नको. कर्जानं झोप उडते, झोप उडते म्हणून दारू येते, दारूनं भांडण होतं, ही एकाच माणसाची एकच गोष्ट आहे. तिचे तुकडे करून एका तुकड्याला पैसे आणि दुसऱ्याला अपात्रतेचा शिक्का देणं, हे मला सरकारी पातळीवरचं वास्तव नाकारणं वाटतं. ही वर्गवारी बंद झाली पाहिजे. शेतीवर जगणाऱ्या घरातला माणूस गेला, एवढं मदतीला पुरेसं असलं पाहिजे.

"भाव द्या, बाकी सोडा" म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी अमरावती जिल्ह्यातल्या एका कामाची आठवण देतो. विदर्भातला ताण आणि आरोग्य यांवरच्या "विश्राम" नावाच्या कार्यक्रमात तीस गावांमध्ये गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर बोलणं सुरू केलं गेलं. उदासी म्हणजे काय, ती ओळखायची कशी, ऐकून कसं घ्यायचं, कधी डॉक्टरकडे पाठवायचं, एवढंच. गरज पडली तिथं प्रशिक्षित समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी होते. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के माणसं उपचार घ्यायला जात होती, दीड वर्षांत ती २७.२ टक्के झाली. जीव देण्याचे विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. या काळात कापसाचा प्रश्न सुटला नव्हता. सोयाबीनचा भाव कोणी वाढवून दिला नव्हता. तरी माणसं वाचतात, हे यातून मला दिसतं. भाव मिळेपर्यंत त्यांना वाचवायचं की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि ज्याला रात्री झोप लागते, ज्याचं डोकं ठिकाणावर आहे, तोच हमीभावासाठी रस्त्यावर टिकून बसू शकतो. खचलेल्या माणसाला आंदोलनात आणणंही कठीण असतं.

राज्यात २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत "प्रेरणा प्रकल्प" आहे, त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची आणि ताण दिसेल त्याला पुढे पाठवायचं, अशी योजना आहे. कल्पना चांगली आहे. पण ज्या आशाताईकडे लसीकरण, गरोदर बाया, क्षयरोगाची औषधं आणि डझनभर सर्वेक्षणं आहेत, तिला ओसरीवर अर्धा तास बसून ऐकायला वेळ कुठून येणार? तिच्या हातात कागद आहे म्हटल्यावर समोरचा "सारं बरोबर हाये ताई" म्हणतो आणि ती रकान्यात खूण करते. त्यातून शासनाला आकडे मिळतात, माणूस मिळत नाही. या कामाला वेगळं माणूस, वेगळं मानधन लागेल, आणि तालुक्याच्या रुग्णालयात नैराश्यावरच्या साध्या गोळ्या बाराही महिने लागतील. महिन्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचा दिवस चुकला की पेशंटनं पुन्हा महिनाभर थांबायचं, हे चालणार नाही.

दोन गैरसमज मात्र आजच, एक रुपया खर्च न करता, दूर करता येतात. पहिला, की जीव देण्याबद्दल विचारलं तर माणसाच्या डोक्यात तो विचार शिरेल. असं होत नाही हे अभ्यासांनी वारंवार दाखवलं आहे. उलट कोणी सरळ विचारलं, "भाऊ, जगाचा कंटाळा आला काय? जीव द्याचा विचार येते काय?" तर माणसाला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला त्या रात्री एकटं सोडू नये, फवारणीची औषधं घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावी, आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर त्याच्या शेजारी बसून फोन लावावा. तो फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. दुसरा गैरसमज पोलिसांचा. प्रयत्न फसला तर केस होईल म्हणून घरचे दवाखान्यातही खोटं सांगतात आणि नंतर उपचार टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याची काळजी घेणं शासनाचं कर्तव्य आहे. जुन्या दंडसंहितेतलं शिक्षेचं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत राहिलेलं नाही. हे सरपंचाला, पोलीस पाटलाला आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही माहीत असायला हवं.

ग्रामसभा वर्षातून ज्या ठरल्या दिवशी होतात त्यांत १ मे हा एक आहे. पेरणीला महिना-सव्वा महिना उरलेला असतो, बियाण्याची, पैशाची जुळवाजुळव सुरू झालेली असते, नव्या उधारीचे आकडे ठरायचे असतात. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घरकुल आणि नाल्यांबरोबर तीन विषय घ्यावेत, अशी माझी विदर्भातल्या सरपंचांना विनंती आहे. गावात आठवड्यातून एक संध्याकाळ बँकमित्र, सोसायटीचा सचिव आणि बचत गटाची एक बाई समाजमंदिरात बसतील, आणि कोणीही नवरा-बायकोनं मिळून आपल्या कर्जाचे कागद घेऊन यावं, तिथं ऐकलेलं बाहेर जाणार नाही. फवारणीच्या औषधांसाठी कुलूपबंद सामायिक कोठी बांधावी. आणि गावातली दोन माणसं, एक बाई आणि एक पुरुष, ऐकून घेण्याचं प्रशिक्षण घ्यायला पाठवावीत, त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च पंचायतीनं द्यावा. ठराव मंजूर झाला तर त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्याकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकाकडे जावी, आणि पुढच्या म्हणजे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, पिकं उभी असताना, काय झालं ते विचारलं जावं.